राजा, पुरोहित आणि वेदोक्त मंत्र

पेंच नदीच्या खोऱ्यातील आमच्या पारशिवनीहून पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात रामटेकची टेकडी दिसू लागते. टेकडीवरच्या मंदिरांकडे यात्रेकरूंची रीघ असते. टेकडीच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर नगरधन नावाचे गाव आहे, तिकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. पारशिवनीच्या माणसाला नगरधन म्हटले की पडका किल्ला आठवतो, एवढेच. पण हेच प्राचीन नंदिवर्धन, वाकाटक राजांची राजधानी. महाराष्ट्र शासनाचे पुरातत्त्व खाते आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी २०१५ नंतरच्या काही हंगामांत येथे उत्खनन केले. त्यात मातीचा एक लहानसा लंबगोल मुद्रांक मिळाला. त्यावर शंखाचे चिन्ह आहे आणि ब्राह्मी अक्षरांत एका राणीचे नाव आहे: प्रभावतीगुप्ता.

राजाला राजा कोण करतो, हा या लेखाचा विषय. तलवार करते, असे कोणी म्हणेल. तलवारीने राज्य मिळते हे खरे, पण तलवारीने मिळवलेले राज्य दुसऱ्या दिवशी टिकवायचे, तर आपल्यावर राज्य करण्याचा या माणसाला हक्क आहे असे लोकांना वाटावे लागते. हा हक्क देणारा हात आपल्या देशात बहुधा पुरोहिताचा होता, आणि तो हात पुढे करण्यापूर्वी पुरोहित पहिला प्रश्न विचारी तो जातीचा.

वाकाटकांना हा प्रश्न विचारण्याची कोणाची छाती नव्हती, कारण ते स्वतःच विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण होते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेख त्यांच्या मूळपुरुषाला, विंध्यशक्तीला, द्विज म्हणतो. शास्त्राप्रमाणे राज्य करणे हे क्षत्रियाचे काम. ब्राह्मणाने शस्त्र घेऊन सिंहासनावर बसावे, हाही एका अर्थी वर्णसंकरच. त्याची भरपाई विंध्यशक्तीचा पुत्र पहिला प्रवरसेन याने यज्ञांनी केली. त्याने वाजपेय केला, आणि अश्वमेध तर एक सोडून चार केले. पुढच्या वंशजांच्या प्रत्येक ताम्रपटात ही यादी न चुकता उगाळलेली दिसते. त्याआधी नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेने आपल्या मुलाला अद्वितीय ब्राह्मण म्हटले, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा म्हटले, आणि त्याने वर्णांची सरमिसळ थांबवली असेही अभिमानाने कोरून ठेवले. कर्नाटकात मयूरशर्मा नावाचा ब्राह्मण विद्यार्थी कांचीला अपमानित झाला, त्याने दर्भ टाकून तलवार उचलली आणि कदंबांचे राज्य उभे केले. त्याच्या घराण्यात ‘शर्मा’ जाऊन ‘वर्मा’ आले. सिंहासनावर बसल्यावर नावाचे शेपूटसुद्धा बदलावे लागते!

प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिचा विवाह वाकाटक रुद्रसेनाशी झाला. तो अकाली वारला आणि मुले लहान असल्याने कारभार तिच्या हाती आला. पुण्यात उजेडात आलेल्या तिच्या ताम्रपटात एक गोष्ट लक्षात येते. विवाहानंतर स्त्री पतीच्या गोत्राची होते हा रिवाज, पण ही राणी आपले गोत्र धारण, म्हणजे वडिलांचे, सांगते आणि वंशावळही गुप्तांचीच देते. गुप्तांनी आपला वर्ण कोणत्याही लेखात सांगितलेला नाही. तरीही विष्णुवृद्ध गोत्राच्या ब्राह्मण राजघराण्याने ती सून स्वीकारली आणि राज्यही तिच्या हाती सोपवले. साम्राज्याएवढे माहेर पाठीशी असले, की वर्णाची चौकशी मागे पडते. तिचा दुसरा एक ताम्रपट रामगिरीस्वामींच्या पायांपासून, म्हणजे आमच्या रामटेकवरून, दिलेला आहे. म्हणजे अधिकाराचा आधार तिने देवाच्या पायांशी आणि पित्याच्या घराण्यात शोधला. पतीच्या कुळाला त्यात दुसरे स्थान होते.

मधली बरीच शतके ओलांडून पुढे जाऊ. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या दरबारी इस्लाम स्वीकारला आणि राजपदाला मोगल मान्यता मिळवली. त्यानेच नागपूर वसवले. लग्नसंबंध मात्र घराण्याने गोंडांतच ठेवले. पुढे गोंड राजपुत्रांच्या भांडणात रघूजी भोसले आले ते कायमचेच आले, पण त्यांनी एक शहाणपण केले. गोंड राजाला त्यांनी गादीवरून ओढून काढले नाही. त्याचे नाव, मान आणि तनखा राहू दिला, सत्ता तेवढी स्वतःकडे घेतली. जमीन ज्यांची, त्यांच्या राजाची सावली आपल्यावर असलेली बरी, हा त्यातला हिशेब. मेवाडातही हेच होते. तेथे नव्या राण्याच्या कपाळी आपल्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लावण्याचा मान भिल्ल नायकाचा होता, असे टॉडने लिहिले आहे. ज्यांना शास्त्राने वेशीबाहेर ठेवले त्यांच्या बोटाशिवाय सूर्यवंशी राणाही पुरता राजा होत नव्हता.

आता मुख्य कथेकडे वळू. ती आमच्या नागपूरकडची नाही, रायगडची आहे.

१६७४ साली शिवाजी महाराजांजवळ काय नव्हते? किल्ले होते, आरमार होते, खजिना होता, आणि मोगल व आदिलशाही दोघांनाही धडकी भरवणारी फौज होती. नव्हते ते एवढेच की, कागदोपत्री ते अजून जहागीरदाराचे पुत्रच होते. त्यांनी दिलेली सनद उद्या कोणी मानायची? ज्यांच्या पिढ्या आदिलशाहीच्या चाकरीत गेल्या ते जुने मराठा सरदार त्यांना आपल्यापेक्षा मोठे का समजतील? सभासदाच्या बखरीत काशीच्या गागाभट्टांच्या तोंडी जो विचार घातला आहे त्याचा आशय असा की, पातशहा तख्तावर बसतात, मग इतके पराक्रम केलेल्या मराठी राजाला तख्त का नसावे. हे तख्त मिळवायला अभिषेक हवा, वेदमंत्रांचा अभिषेक व्हायला क्षत्रियत्व हवे, आणि क्षत्रियत्व सिद्ध व्हायला मुंज हवी. येथेच गाडी अडली. पुराणांतले एक भाकीत सांगते की महापद्म नंदाने क्षत्रियांचा उच्छेद केला आणि त्यानंतरचे राजे शूद्र. त्यावरून कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले, अशी समजूत पंडितांत पक्की झाली होती. महाराजांचे लग्न होऊन मुले झाली होती, पण मुंज झालेली नव्हती.

गागाभट्ट हे मूळच्या पैठणकडच्या, पण पिढ्यान्‌पिढ्या काशीत नांदलेल्या भट्ट घराण्यातले. अशा वादांचा त्यांचा अभ्यास होता. कायस्थांच्या धर्माधिकारावर त्यांनी याआधीच ग्रंथ लिहिलेला होता. भोसल्यांचे मूळ मेवाडच्या सिसोदियांत असल्याची वंशावळ पुढे आली आणि ती मान्य झाली. ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीला, २९ मे १६७४ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी महाराजांची मुंज लागली. दुसऱ्या दिवशी आपल्याच राण्यांशी त्यांचे समंत्रक विवाह झाले, कारण आधीचे विवाह वेदमंत्रांनी झालेले नव्हते. कल्पना करा: ज्याच्या नावाने सुरतेची वखार थरथरत होती तो पुरुष बटू होऊन गुरूसमोर बसला आहे आणि आपल्या संसाराला पुन्हा आरंभापासून मान्यता घेत आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, ६ जून रोजी, अभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेथे हजर होता. आपण एका राजाच्या जन्माला साक्षी आहोत हे त्या व्यापारी माणसालाही उमगले असावे, कारण नजराणा घेऊन दरबारात उभे राहणाऱ्यांत तोही होता. क्षत्रियकुलावतंस, सिंहासनाधीश्वर, छत्रपती ही बिरुदे त्या दिवसाची.

अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाई वारल्या. त्याआधी प्रतापराव गुजर पडले होते, महाराणी काशीबाई गेल्या होत्या. निश्चलपुरी गोसावी नावाच्या तांत्रिकाने त्यावर बोट ठेवले: वैदिक विधीत गागाभट्टांनी स्थानिक देवतांना विचारले नाही, मुहूर्तही चुकला. २४ सप्टेंबर १६७४ रोजी रायगडावर दुसरा अभिषेक झाला, तांत्रिक पद्धतीचा. ‘शिवराजराज्याभिषेककल्पतरु’ नावाच्या संस्कृत ग्रंथात त्याची हकीकत आहे. काही इतिहासकार या दुसऱ्या अभिषेकाकडे अंधश्रद्धा म्हणून पाहतात. मला तसे वाटत नाही. पहिल्या अभिषेकाने काशीचे पंडित आणि दिल्ली-विजापूरचे दरबार यांच्यासमोर हक्क सिद्ध झाला. दुसऱ्याने मठ, गोसावी, डोंगरातल्या देवी आणि त्यांना मानणारी रयत जोडली गेली. अधिकार कोठून कोठून येतो हे महाराजांना पंडितांहून अधिक कळत होते.

आपल्याला, बायबल वाचणाऱ्यांना, ही कथा परकी वाटू नये. शमुवेल संदेष्ट्याने तेलाची कुपी शौलाच्या मस्तकावर ओतली आणि पुढे इशायाच्या आठ मुलांतल्या धाकट्याला, रानात मेंढरे राखणाऱ्याला, बोलावून अभिषेक केला. उज्जीया राजा बलाढ्य झाला आणि धूप जाळायला स्वतःच मंदिरात शिरला, तेव्हा अजऱ्या याजक ऐंशी याजकांसह त्याला आडवा आला आणि राजाच्या कपाळावर कोड फुटले. युरोपात इसवी सन ८०० च्या नाताळात पोप तिसरे लिओ यांनी शार्लमेनच्या डोक्यावर मुकुट ठेवला. मुकुट देणारा हात तो काढूनही घेऊ शकतो, हे पुढे चौथ्या हेन्रीला १०७७ साली कनोसाच्या बर्फात अनवाणी उभे राहून शिकावे लागले. नेपोलियनने १८०४ साली पोपसमोर मुकुट स्वतःच उचलून डोक्यावर ठेवला तो उगाच नव्हे. वंशावळीचेही तसेच. मत्तयाने प्रभू येशूची राजवंशावळ दिली, पण त्यात राहाब आणि मवाबी रूथ यांची नावे लपवली नाहीत. कोणताही दरबारी भाट असता तर ती पहिल्यांदा गाळली असती. इब्री लोकांस पत्र तर स्पष्टच सांगते की ख्रिस्त लेवीच्या वंशातला नव्हे, यहूदाच्या वंशातला. त्याचे याजकपद मलकीसदेकासारखे, ज्याच्या वंशावळीचा कोठे उल्लेखच नाही.

पत्रात हे लिहिलेले असूनही आपल्या वेदीजवळ काय घडले ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या यज्ञकुंडाकडे बोट दाखवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिवाजी महाराजांच्याच काळातली गोष्ट. गोव्याजवळच्या दिवाडी बेटावर ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या माथेऊस द कास्त्रो या तरुणाला गुरुदीक्षा हवी होती. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी ती नाकारली. तो थेट रोमला गेला, तेथे शिकला, धर्मगुरू झाला आणि १६३७ साली त्याला बिशपपदाचा अभिषेक झाला. लॅटिन विधीतला तो पहिला भारतीय बिशप. आदिलशाही मुलखाची धुरा देऊन त्याला परत पाठवले, आणि डिचोलीत त्याने ठाणे मांडले. पण गोव्यातल्या पोर्तुगीज धर्मगुरूंनी त्याचा अधिकार मानला नाही. पोपचा हात मस्तकावर असूनही कातडीचा रंग आडवा आला. म्हणजे हा रायगडचाच प्रश्न, फक्त लॅटिन भाषेत विचारलेला.

गोष्ट येथेच संपली असती तर आपल्याला सोयीची झाली असती. पण १६५३ साली या बिशपने पोर्तुगीज सत्तेविरुद्ध जे पत्रक लिहिले त्याचे नाव ‘ब्राह्मणांचा आरसा’. त्यात त्याने हाक दिली ती गोव्यातल्या ब्राह्मणांना. अन्याय त्याने सोसला होता हे खरे, पण दार उघडून हवे होते ते मुख्यतः आपल्या माणसांसाठी. १६७७ साली तो रोममध्ये वारला. गोव्यात ब्राह्मण आणि चारडो ख्रिस्ती यांच्या कन्फ्रारी त्यानंतरही कित्येक पिढ्या वेगळ्या राहिल्या, आणि दक्षिणेतल्या काही चर्चमध्ये दलित ख्रिस्ती बांधवांना बसायला वेगळी बाजू आणि पुरायला वेगळी जागा मिळाली. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ च्या ऑगस्टमध्ये कार्डिनल झाले, तेव्हा ते पहिले दलित कार्डिनल म्हणून वृत्तपत्रांनी छापले. माथेऊसच्या अभिषेकापासून तोवर तीनशे पंच्याऐंशी वर्षे गेली होती.

रायगडावर मिटलेला वाद खरे तर मिटला नव्हता. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याच्या गादीवर बसलेले प्रतापसिंह महाराज आणि ब्राह्मण मंडळी यांच्यात मराठ्यांना वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही यावरून पुन्हा जुंपली. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन विरोधकांत होते. १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत केले आणि ते काशीत वारले. आमच्या नागपुरात १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, तेव्हा कंपनी सरकारने नवाच न्याय काढला: दत्तकाने घरची मालमत्ता आणि श्राद्धाचा अधिकार मिळेल, राज्य नाही. म्हणजे पुरोहिताच्या मंत्राने मुलगा होतो, पण राजा होत नाही. राज्य खालसा झाले. पिंड देणारा हात आणि राज्य करणारा हात वेगळे करण्याचे जे काम आपल्या देशात कोणाला जमले नव्हते ते गव्हर्नर जनरलच्या एका शेऱ्याने झाले, आणि तेही धर्मसुधारणेसाठी नव्हे, महसुलासाठी.

कोल्हापूरची हकीकत अनेकांना ठाऊक आहे, तरी ती सांगितलीच पाहिजे. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते. स्नानाचे मंत्र म्हणणारा भट स्वतः आंघोळ न करताच आला होता आणि तो म्हणत होता पुराणोक्त मंत्र. पुराणोक्त म्हणजे शूद्रांसाठी सांगितलेले. सोबत राजारामशास्त्री भागवत होते, त्यांनी ही गोष्ट महाराजांच्या ध्यानात आणून दिली. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या राजाला त्याच्याच नदीवर, त्याच्याच पगाराचा माणूस शूद्र ठरवत होता! महाराजांनी वेदोक्त विधीची मागणी केली, राजोपाध्यांनी नकार दिला. १९०१ साली ‘केसरी’तून लोकमान्य टिळकांनीही या मागणीच्या विरोधात लिहिले. १९०२ साली राजोपाध्यांची इनामे जप्त झाली. दाद मुंबई सरकारकडे गेली, व्हाइसरॉयकडे गेली. अखेर १९०५ साली करवीर पीठाच्या शंकराचार्यांनी महाराजांचा अधिकार मान्य केला.

आतापर्यंतच्या सगळ्या राजांची कथा येथे थांबते. हक्क मिळाला, वाद संपला, राजा वर गेला आणि दार मागे बंद झाले. शाहू महाराज थांबले नाहीत. १९०२ साली एडवर्ड सातव्याच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेत गेले होते. तिकडे कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या हातून एका राजाला तेल लावण्याची तयारी चालली होती, आणि इकडे २६ जुलै रोजी कोल्हापूर दरबाराच्या गॅझेटात हुकूम छापला गेला की, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखाव्यात. आपल्याला कोणता मंत्र मिळतो, या प्रश्नातून राज्यातल्या कोणाला काय मिळते, हा प्रश्न त्यांना दिसू लागला. पुढे १९२० साली त्यांनी मराठा क्षात्रजगद्‌गुरूंचे पीठ निर्माण केले. हे पाऊल मला तितके पटत नाही. पुरोहित बदलला, पण पुरोहितावाचून चालत नाही ही समजूत तशीच राहिली. त्यापेक्षा मला त्यांची दुसरी कृती मोलाची वाटते. गंगाराम कांबळे या महार समाजातील माणसाला त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढायला मदत केली आणि स्वतः जाता-येता त्या दुकानी थांबून चहा घेतला. छत्रपती चहा घेतात म्हटल्यावर सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यावा लागला. मंत्राशिवाय झालेला तो संस्कारच होता.

१९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस हेच शाहू महाराज आमच्या नागपुरात आले. अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे ते अध्यक्ष होते. विदर्भातल्या कडक उन्हाळ्यात तीन दिवस ही परिषद चालली. समोर बसलेल्या लोकांना वेदोक्त तर सोडाच, पुराणोक्त मंत्रसुद्धा कोणी जवळ उभे राहून ऐकू दिले नव्हते. परिषदेत एकोणतीस वर्षांचे डॉक्टर आंबेडकर होते. मार्चमध्येच माणगावच्या परिषदेत महाराजांनी त्यांना त्या लोकांचा पुढारी म्हणून जाहीर केले होते. दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, महाराज वारले.

छत्तीस वर्षांनंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉक्टर आंबेडकर पुन्हा नागपुरात होते. कुशीनगरहून आलेल्या वृद्ध भिक्खू चंद्रमणींकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मग ते समोरच्या लाखोंच्या समुदायाकडे वळले आणि, स्वतः भिक्खू नसताना, त्या सर्वांना त्यांनी स्वतःच दीक्षा दिली.